मामूंनी खलास म्हटलं की

मस्कत शहरात हवेत गेलेली कुठलीही वस्तू शेवटी आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या मामूंच्या हातातच उतरते, असा माझा कित्येक वर्षं पक्का समज होता. चेंडूचं सोडाच, चेंडू धरण्यासाठी त्यांना नोकरीच होती. पण वाऱ्यानं उडालेली टोपी, दोरीवरून सुटलेला टॉवेल, कुणाच्या तरी गॅलरीतून निसटलेला कपड्यांचा चिमटा, लग्नात नवऱ्या मुलावर उधळलेल्या बदामांतला एखादा चुकार बदाम, हे सगळं मामू चालता चालता, बोलता बोलता, बहुधा दुसरीकडेच बघत असताना वरच्या वर उचलत. जमिनीवर पडलेली वस्तू पाहिली की त्यांच्या चेहऱ्यावर घरात कुणी गेल्याची कळा यायची. एकदा आमच्या रुवी भागातल्या एका मलबारी हॉटेलात वेटरच्या थाळीतून परोटा घसरला, तर मामूंनी तो अधांतरी धरला आणि भलत्याच गिऱ्हाइकाच्या ताटात वाढून टाकला. गिऱ्हाइकानं तो खाल्लाही. मी म्हटलं, "मामू, अहो तो त्याचा नव्हता." तर म्हणाले, "खाली पडला असता तर कुनाचाच नसता."

मामू तसे माझे कुणी नव्हेत. मी सांगलीचा, ते दाभोळ खाडीच्या काठावरच्या मुसलमान वस्तीतले. पण इमारतीतले सगळेच, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले इराणी बेकरीवालेसुद्धा, त्यांना मामू म्हणत. मी रुवीत एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. मला डॉक्टर म्हणणारा जगात हा एकच माणूस. मी डॉक्टर नाही, नुसते नंबर काढतो, हे मी त्यांना नाना परींनी समजावलं. त्यावर त्यांचा निकाल ठरलेला होता. "अंधारात बसवून डोळ्यात टॉर्च मारता न? मग झाले डॉक्टर."

त्यांच्या व्हिसावर असिस्टंट स्टोअरकीपर असं लिहिलेलं होतं आणि ते एसीची कामं घेणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात बसतही. पण इथल्या मंडळींना यातली मेख ठाऊक असते. कंपन्यांच्या क्रिकेट टीम असतात, त्यांची चुरस मालक लोकांत सोयरिकीइतकी जिव्हाळ्यानं चालते, आणि गावाकडून चांगला खेळाडू हेरून, त्याला स्टोअरकीपर नाहीतर ड्रायव्हर म्हणून कागदावर चढवून इकडे आणायची इथे जुनी रीत आहे. आठवडाभर गोदाम आणि शुक्रवारी मैदान. बॅट्समन आणतात, बोलर आणतात. निव्वळ सीमारेषेवर उभं राहून झेल घेण्यासाठी आणलेला माणूस मात्र मी हा एकच पाहिला. बॅटिंगला मामू सर्वांत शेवटी यायचे आणि बॅट अशी धरायचे की जणू कुणी ती जरा वेळ सांभाळायला दिली आहे. बोलिंग त्यांनी एकदा केली, त्याविषयी अजून कुणी बोलत नाही. पण चेंडू उंच गेला आणि तो मामूंच्या अंगणात येतो आहे असं दिसलं, की बॅट्समन पॅव्हेलियनच्या दिशेनं निघायचे. उन्हात थांबून उगाच बघत कोण बसणार?

या एका गुणावर त्यांनी इथे चार कंपन्या फिरून घेतल्या. तिसऱ्या कंपनीनं त्यांना सोडताना बदल्यात एक विकेटकीपर आणि एक एसीचे डक्ट बसवणारा मेकॅनिक घेतला होता. आपल्या मोबदल्यात दोन माणसं द्यावी लागली याचा मामूंना फार अभिमान. विकेटकीपर बरा होता, पण डक्टवाला खरंच कसबी निघाला, असंही ते प्रामाणिकपणे सांगत. हाताची त्यांना इतकी काळजी की गुरुवारी संध्याकाळपासून ते कुणाशी हस्तांदोलन करत नसत, कपबशी दोन बोटांनी धरत आणि बिर्याणी चमच्यानं खात, कारण गरम भातानं तळहात "ढिला" होतो. रात्री हाताला खोबरेल लावून ते पोटावर उताणे ठेवून झोपत. त्या हातांची बोटं बघितली तर सुकटीची आठवण व्हावी. दोन मोडून वाकडी जुळलेली, एकाचं नख कधीच गेलेलं.

आणखी एक गोष्ट म्हणजे मामू कुठेही मधे बसत नसत. लग्नात मांडवाच्या कनातीला टेकून, मशिदीत शेवटच्या रांगेत, आमच्याकडे आले की दारालगतच्या स्टुलावर. माझी बायको सोफ्यावर बसा म्हणून थकली. "वहिनी, मधी गर्दी असते. कडेला उभा ऱ्हायलं की समदा दिसतो." सगळ्या आयुष्याकडे त्यांनी असं कडेनंच पाहिलं. घरी त्यांची बायको वारल्याची बातमी आली तेव्हाही ते मैदानाच्या कडेलाच होते. त्यांचा फोन कप्तानाच्या पिशवीत वाजला. कप्तान वसईचा, मामूंच्याच कंपनीत ऑफिसात काम करणारा सज्जन ख्रिस्ती माणूस. तो रडत रडत मैदान ओलांडून त्यांच्यापर्यंत गेला. गावात तोवर मातीसुद्धा देऊन झाली होती. मामूंनी ऐकून घेतलं, त्याला परत जागेवर जायला सांगितलं, आणि त्याच डावात पुढे एक झेल घेतला. लोक म्हणाले, काळीज आहे का दगड. माझ्या बायकोनं तर त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुष्कळ दिवसांनी एकदा दारातल्या स्टुलावर बसून, कुणी काही विचारलेलं नसताना, ते म्हणाले, "त्या वक्ताला हात रिकामे ठेवायची भीती वाटली." बायको उठून आत गेली आणि त्यांच्यासाठी थालीपीठ लावलं. तेव्हापासून ती त्यांच्या बाजूची झाली, आणि माझी बायको एकदा कुणाच्या बाजूची झाली की त्या माणसाविरुद्ध ब्र काढायची माझी प्राज्ञा नाही.

पण मामूंचा खरा नाद होता तो अमेरिकेचा. अमेरिकेतल्या एका माणसाचा, तोही शंभर वर्षांपूर्वीचा. पहिल्या कंपनीत असताना ते एका म्हाताऱ्या अमेरिकन इंजिनियरच्या बंगल्यावर एसीचे फिल्टर पोचवायला जात. या इंजिनियरनं त्यांना त्यांच्या जातीच्या एका माणसाची हकीकत सांगितली. म्हणजे बेसबॉलमधला, पार मागे गवतात उभा राहून उंच चेंडू धरणारा, त्या काळातला पगारी खेळाडू. हकीकत सांगणारा म्हातारा केव्हाच मायदेशी गेला, पण ती मामूंकडे राहिली आणि त्यांच्या हाताखाली वाढत गेली. आम्ही ऐकली तोवर तो अमेरिकन दापोलीकडचा झाला होता. तो कोळशाच्या खाणीत कामाला होता, त्याचा बाप "बडा कडक" होता, क्लबाचा माणूस त्याला न्यायला आला तेव्हा त्याच्या आईनं वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या. त्याचा हातमोजा चपातीएवढा पातळ होता. तो पाठ करून धावायचा आणि खांद्यावरून येणारा चेंडू बघायचासुद्धा नाही. हात पुढे केला की चेंडू मुकाट्यानं येऊन बसायचा. त्यालाही एका क्लबानं दुसऱ्या क्लबाला देऊन टाकलं होतं. त्याच्या बदल्यात मात्र एकच माणूस मिळाला, हे मामू सौजन्यानं हळू आवाजात सांगत. नाव विचारलं तर दर वेळी निराळं. मी एकदा ही विसंगती दाखवून दिली. ते म्हणाले, "डॉक्टर, तुमाला मानूस हवाय का नाव?"

सूर्यावर नजर धरून धरून त्या अमेरिकनाच्या डोळ्यांची वाट लागली, मग त्याला वरच्या क्लबातून खालच्यात धाडला, खालच्यातून आणखी खालच्यात, आणि इथवर आलं की मामू थांबत. पुढे काय झालं, असं कुणीही विचारलं तरी उठून चपला शोधायला लागत. "पुढचा कवातरी."

एवढं स्वतः सांगणारा माणूस गॉगल लावायला तयार होईल की नाही? माझ्या दुकानात भिंतभर गॉगल. मी एक चांगलासा त्यांना भेट दिला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवून रस्त्याकडे पाहिलं आणि काढून परत केला. म्हणाले, यातून चेंडू शिळा दिसतो. टोपीदेखील ते खिशात ठेवत. ओमानातली दुपार म्हणजे काय चीज आहे ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. डोंगरसुद्धा त्या वेळी डोळे मिटून बसलेले असतात. त्या उजेडात मामू भुवईवर हातही न धरता आभाळ न्याहाळत उभे राहायचे, वर्षानुवर्षं.

आणि मग त्यांचं ते खलास. बॅटवर चेंडू बसल्याचा टणत्कार झाला की तो अजून वर चढतो आहे, तोच मामू ओरडत, "खलास!" म्हणजे झेल घेण्याआधीच माणूस बाद. सुरुवातीला पंच चिडायचे. पुढे त्यांनाही सवय झाली. टीममध्ये मात्र या खलासला कायद्याचं रूप आलं होतं. मामूंनी खलास म्हटलं की बाकीच्यांनी हलायचं नाही. मागे एकदा एक नवा पंजाबी पोऱ्या उत्साहानं त्याच चेंडूवर धावला, दोघांची टक्कर झाली आणि मामूंच्या बरगडीला तडा गेला. त्यानंतर कप्तानानं नियमच केला. चेंडू तुमच्या नाकासमोर का पडत असेना, खलास ऐकलं की हात खाली. नव्या माणसाला टीमचा टी-शर्ट देताना हे आधी सांगितलं जाई. शहराबाहेर आमरातच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं मैदान होतं, सगळं खडी आणि माती, मधे सिमेंटवर चटई. वारा पडला की तिथे इतकी शांतता असायची की बॅटचा आवाज डोंगरावर आपटून परत येई, आणि त्या दोन आवाजांच्या मधल्या फटीत मामूंचं खलास बरोबर बसे.

माझ्या बायकोच्या लिंबांनी घोटाळा पहिल्यांदा उघडकीला आणला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, मामू खाली. त्यांना काही द्यायचं झालं तर जिना कुणी उतरत नसे. बायको गॅलरीतून हाक मारी, मामू बाहेर येत आणि वरून सुटलेली लिंबं, कढीपत्त्याची जुडी, एकदा तर आख्खा फणसपोळीचा डबा, हसत हसत झेलत. त्या दिवशी तिनं लिंबू टाकलं आणि ते मामूंच्या खांद्याला लागून रस्त्यावर गडगडत गेलं. ती घाबरून मला म्हणाली, "अहो, त्यांनी हात वर केला, पण भलतीकडेच." खाली मामू लिंबाकडे बघत उभे होते. मग इकडेतिकडे कुणी पाहिलं नाही ना याची खात्री करून त्यांनी ते उचललं आणि सदऱ्याला पुसलं.

मी त्यांना दुकानात बोलावलं. आमच्या मागच्या खोलीत एक जुनं यंत्र आहे. त्याच्या पांढऱ्या वाटीत तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि आजूबाजूला कुठे प्रकाशाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. काठाकाठानं नजर किती पोचते ते त्यात कळतं. मामूंनी बटण असं धरलं की जणू अंतिम सामना. एकही कण चुकवला नाही. मी खूश झालो आणि कागद बाहेर आल्यावर गार पडलो. ते यंत्र प्रत्येक कणाआधी आत टक असा आवाज करतं, आणि लबाड गिऱ्हाईक ओळखता यावं म्हणून मधूनच नुसता आवाज करतं, उजेड दाखवतच नाही. मामूंनी तेव्हाही बटण दाबलं होतं. दर वेळी. म्हणजे हा गृहस्थ उजेड बघतच नव्हता, आवाजावर खेळत होता. मग मी साधी तपासणी केली. समोर बसून त्यांना माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि कानाच्या बाजूनं माझं बोट हळूहळू आत आणत म्हटलं, दिसलं की सांगा. बोट पुढे आलं, डोळ्याच्या रेषेत आलं, जवळजवळ त्यांच्या नाकापर्यंत आलं. मामू शांतपणे माझ्या नाकाकडे बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "चालू करा न, डॉक्टर."

मोठ्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. सूर्याचा आणि गॉगलचा याच्याशी फारसा संबंध नाही, हेही सांगितलं; मामूंना ते पटलं नाही, त्यांना अमेरिकनासारखं सूर्यानं गेलेलंच बरं वाटत होतं. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची तर थेंब घालायचे, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. मामूंना फक्त मधलं वाटोळं दिसत होतं, नळीतून बघितल्यासारखं. "मंग जेवडा हाय तेवडा पुरवून वापरू," ते म्हणाले. मग आम्ही टॅक्सीनं रुवीत परत आलो. इमारतीच्या दाराशी उतरल्यावर त्यांनी माझा हात धरला. गुरुवार होता, तरीही धरला.

"कंपनीत कुनाला बोलू नका. खेळासाटी व्हिसा हाय माजा. खेळ गेला की मी गेलो. गावात कोन हाय? बायको नाय. पोरगी पनवेलला, तिच्या सासरच्यांत. भावाच्या घरात मी पावना. हितं मला शेंबडा पोरगा पन वळखतो."

थेंबांची बाटली थंड ठेवावी लागते. मामू तळमजल्यावर कंपनीच्या खोलीत तिघांबरोबर राहत, तिथल्या फ्रिजमध्ये ती दिसली असती. म्हणून ती आमच्या फ्रिजच्या दारात अंड्यांशेजारी आली, आणि मामू रोज सकाळी नमाज आटोपून आणि संध्याकाळी गोदामातून सुटून आमच्याकडे यायला लागले. स्टुलावर बसून मान वर करत. आकाशातून येणारं काहीही न सोडणाऱ्या या माणसाला डोळ्यात पडणारा थेंब मात्र सहन होत नसे. बाटली जवळ आली की पापण्या घट्ट मिटून घेत. शेवटी बायको थेंब घालायला लागली. एका हातानं पापणी धरायची, आणि शाळेतल्या पोरांना दटावतात तशी म्हणायची, "वर बघा. वर बघा म्हटलं ना, मामू." तिनं गॅलरीतून काही टाकणंही बंद केलं. एका टोपलीला दोरी बांधली आणि लिंबं त्यातून सोडायला लागली. पहिल्यांदा टोपली खाली आली तेव्हा मामू तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग लिंबं काढून घेतली.

तो सबंध मोसम आम्ही दोघांनी शुक्रवारी मैदानावर काढला. क्रिकेटमधलं ओ की ठो न कळणारी माझी बायको छत्री घेऊन बसायची आणि चेंडू वर गेला की डोळे मिटायची. नवल असं की मामू झेल घेत राहिले. बॅटच्या टणत्कारावरून चेंडू किती उंच, किती लांब, बॅटच्या कडेला लागला की पोटाला, हे त्यांना कळत असे. ते आधीच वळून धावत, जागेवर पोचत, आणि मग वर बघून चेंडूला आपल्या उरलेल्या वाटोळ्यात गाठत. मी विचारलं, हे जमतं कसं? तर म्हणाले, "डोल्यांनी आदी कुटं बगत होतो? तेव्हा पन कानच होता. डोले उगाच पगार खात होते." दोन झेल सुटले, पण म्हातारपण म्हणून लोकांनी ते सोडून दिले. पन्नाशीला आलेला माणूस होता, कोण काय म्हणणार.

मोसमातला शेवटचा सामना हरला असता तर टीम खालच्या गटात जाणार होती. त्यात कंपनीत नवा मॅनेजर आलेला. खालच्या गटासाठी आपण एवढी माणसं पोसायची नाहीत, असं त्यानं कप्तानाला आधीच ऐकवलं होतं. आणि तो सामना त्यांच्या खडीच्या मैदानावर नव्हता. नवीन हिरवळीचं मैदान, खुर्च्या, मोबाईलवर सामना दाखवणारा कॅमेरा आणि चार कोपऱ्यांत चार लाउडस्पीकर. प्रत्येक फटक्याला गाणं, आणि दोन गाण्यांच्या मधे हिंदीत ओरडणारा एक निवेदक. मामू आत जाताना माझ्याजवळ थांबले. चेहरा उतरलेला होता. "डॉक्टर, लय आवाज हाय हो हितं."

मी कप्तानाकडे गेलो आणि एवढंच म्हटलं की आज ते बंद करता आलं तर बघा. त्यानं मनापासून खटपट केली. आयोजक म्हणाले, गाण्याशिवाय लोक बघत नाहीत.

सामना अगदी टोकाला आला होता. समोरच्या टीमच्या शेवटच्या जोडीपैकी एकानं चेंडू असा उंच मारला की तो उतरेपर्यंत चहा पिऊन व्हावा. त्याच क्षणाला ढोल सुरू झाले. बॅटचा आवाज आम्हालाही आला नाही. मी मामूंकडे पाहिलं. सगळे वर बघताहेत एवढं त्यांना समजलं असावं. ते क्षणभर थांबले, त्यांनी मान वर केली, ती डावीकडे नेली, उजवीकडे नेली. आणि मग, सवयीनं म्हणा, भीतीनं म्हणा, ओरडले, "खलास!"

कप्तान त्या चेंडूच्या बरोबर खाली पोचलेला होता. त्यानं हात वर घेतले होते. खलास ऐकलं आणि हात खाली आले. त्याच्या मागून धावणारा थबकला. दहा जण जागच्या जागी उभे राहिले आणि चेंडू कप्तानाच्या पुढ्यात गवतात पडला. खडीवर तो खणकन वाजला असता. गवतात काहीच ऐकू आलं नाही. मामूंना तो पडल्याचंच कळलं नाही. ते तिकडे लांब, पाठमोरे, ओंजळ छातीशी धरून, मान वर करून उभेच होते. माझी बायको उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "अरे, कुणीतरी सांगा त्यांना."

कप्तानानं चेंडू उचलला. तो विकेटकीपरकडे फेकायचा, पोरं तिकडून ओरडत होती. पण तो चालत चालत मामूंपर्यंत गेला आणि त्यानं तो त्यांच्या ओंजळीत ठेवला. बॅट्समननी धावा पळून घेतल्या, त्यांचं तरी काय चुकलं. सामना तिथेच संपला, टीम हरली. गाणं मात्र वाजतच राहिलं.

नंतर कप्तान मला म्हणाला, "साहेब, दोन पावलं पण नव्हता माझ्यापासून. पण मामू बोलले न खलास. मग मी हलणार कसा?" त्याला रात्ररात्र झोप नव्हती. त्यानं मॅनेजरच्या केबिनच्या चकरा मारल्या. मामूंना खेळाडू म्हणून नको, गोदामाच्या गेटवर तरी ठेवा, वॉचमन म्हणून, एवढंच मागणं होतं. मामू स्वतःही एकदा गेले, धुतलेला सदरा घालून. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. डोळ्यांचं एव्हाना सगळ्यांना कळलं होतं; दिसत नाही त्याला वॉचमन कसं ठेवायचं, असं तो म्हणाला.

विमानतळावर आम्ही तिघं गेलो, कप्तान आणि आम्ही दोघं. बायकोनं थेंबांची बाटली बर्फ घातलेल्या थर्मासात ठेवून दिली होती आणि पनवेलच्या मुलीला फोन करून थेंब कसे घालायचे ते दोनदा सांगितलं होतं. आत जायच्या जरा आधी मामू म्हणाले, "डॉक्टर, त्या अमेरिकनाचा ऱ्हायला." आणि त्या गर्दीत, अर्थात भिंतीला टेकून, त्यांनी शेवट सांगितला. त्याचे डोळे पार गेले, खालच्या क्लबानंही सोडला. मग तो पहिल्या क्लबाकडे परत आला. मालकानं त्याला ओळखलं. मैदानाच्या गेटवर तिकिटं फाडायला खुर्ची टाकून दिली. आतून बॅटचा आवाज आला की तो रांगेतल्या लोकांना सांगायचा, हा गेला, हा वाचला. कधी चुकला नाही. "मरेपर्यंत ठेवला त्याला. दिसत नव्हता तरी पन. तिकडं तशी रीत होती." कप्तान दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. त्या म्हाताऱ्या इंजिनियरनं शेवट असा सांगितला असेल असं मला वाटत नाही. हा शेवट मामूंनी गेल्या महिनाभरात, गोदामाच्या गेटसमोरून जाता-येता, स्वतः तयार केला होता. मी मूर्खासारखं पासपोर्ट घेतलात ना, असं विचारलं.

आता ते भावाकडे असतात. मुलगी घेऊन जाते म्हणते, हे जात नाहीत. मी अधूनमधून फोन करतो. थेंब घालता ना, असं बायको शेजारून ओरडते आणि मामू हो म्हणतात, ते खरं नसावं. नजरेचं वाटोळं आता बटणाएवढं उरलं आहे. घराजवळ शाळेचं मैदान आहे, त्याच्या कडेच्या दगडी गडग्यावर ते दिवसभर बसून असतात. तिथल्या मुलांना हा कोण म्हातारा ते ठाऊक नाही.

परवा बोलताना ते मधेच थांबले. फोनमधून मला टक असा बारीक आवाज आला, लाकडावर रबरी चेंडू बसल्याचा. "खलास," मामू म्हणाले. अगदी हळू, आपल्याशीच म्हटल्यासारखं.

मी विचारलं, "धरला का हो?"

"धरला असंल," ते म्हणाले. "हितं समदा कातळ हाय, डॉक्टर. पडला असता तर आवाज आला असता."

पाठीमागे पोरांचा एकच गिल्ला चालला होता. धरल्याचा होता की सोडल्याचा, मला काही समजलं नाही. मी म्हटलं, हो, धरलाच असणार.